तिल्दाची बंदूक आणि ओस्मोची गाय

तिल्दा हाउतालानं टपालानं बंदूक मागवली आणि आमच्या खाणगावाला त्या हिवाळ्यापुरती करमणूक मिळाली. बाई साठीला टेकलेली, उभ्या जन्मात सशावरसुद्धा गोळी झाडलेली नाही, आणि हिला लष्करी रायफल हवी! दुकानात तर एकानं मलाच गाठलं, "काय गं हेल्मी, तुझी शेजारीण नवऱ्याला उडवणार म्हणे?"

मी म्हटलं, "उडवायचा असता तर इतकी वर्षं कशाला थांबली असती? कुऱ्हाड होतीच की घरात."

आमचं कुंपणाला कुंपण. माझा नवरा खाणीत दगावला तेव्हापासून माझी शनिवारची सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, त्यांच्याकडेच. आधी आम्ही दोघी वाफेत बसायचो, मग तिचा नवरा नेस्तोर, आणि मग तिघांची कॉफी नि वेलचीचा पाव. त्या कॉफीवर नवरा-बायकोचं जे भांडण चालायचं ते मला तोंडपाठ होतं. पण तरीही, आता सांगते ते मला कधी दिसलं नाही. दिसायला हवं होतं असं म्हणणारे म्हणोत बापडे. त्यांनी त्या घरची कॉफी प्यायली नव्हती.

जाहिरात तिला मासळीच्या पुडक्यावर सापडली. दुकानदारानं शिकारीच्या जुन्या मासिकाचं पान फाडून मासे बांधले होते. त्यावर छापलेलं: फिनलंडच्या सैन्याच्या जुन्या रायफली, घरपोच, किंमत खाणीतल्या बुटांच्या जोडापेक्षा कमी. तिल्दानं ते पान धुतलं, चुलीवर वाळवलं आणि माझ्याकडे घेऊन आली.

"हेल्मी, आपल्या बंदुका विकायला काढल्यात. आपल्या अंगठ्यांच्या!"

एकोणचाळीस सालच्या हिवाळ्यात रशिया आमच्या मायदेशावर, फिनलंडवर, चालून आला, तेव्हा इथे अमेरिकेत मिशिगनात आम्ही बायकांनी चर्चच्या हॉलमध्ये लग्नाच्या अंगठ्या काढून ताटात टाकल्या होत्या. सोनं गेलं बंदुकांसाठी, आणि बोटात आली लोखंडाची अंगठी. मीही दिली. पण माझा नवरा शेजारी उभा होता. तिल्दानं नेस्तोरला न विचारता दिली.

आमच्या लोकांत जाती दोनच, चर्चवाले आणि लाल हॉलवाले, म्हणजे कम्युनिस्ट. त्यांची आपसात लग्नं होऊ नयेत, आणि झालीच तर दोघांनी एका घरात राहू नये. तिल्दा चर्चची, नेस्तोर हॉलचा. त्याचा धाकटा भाऊ ओस्मो बत्तीस साली बायको, तान्ही पोर आणि हत्यारांची पेटी घेऊन रशियातल्या करेलियाला निघून गेला, कामगारांचं राज्य उभारायला. नेस्तोरही निघाला होता. तिल्दा उंबऱ्यात बसली आणि हलली नाही. तो राहिला, पण ते त्यानं तिला कधी माफ केलं नाही. त्यावर ही अंगठी! म्हणजे घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

तेव्हापासून दर शनिवारी तोच पाढा. नेस्तोर बशीत कॉफी ओतायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "तुझं सोनं कुठल्यातरी जनरलच्या दाढेत बसलंय, तिल्दा. हसला की चमकत असेल. आणि माझा भाऊ बघ! स्वतःचं घर, सुतारकामाचा मुकादम, दारात गाय."

गायीचं नाव मुस्तिक्की. ती व्याली की आम्हाला कळायचं. तिला पोटफुगी झाली तेव्हा मी स्वतः औषध सांगितलं होतं आणि नेस्तोरनं ते ओस्मोला लिहून कळवलं होतं. पुढच्या महिन्यात म्हणाला, गुण आला.

तिल्दा चर्चवरून, राजकारणावरून वाघिणीसारखी भांडायची. पण ओस्मोचं पत्र म्हटलं की मऊ पडायची. तिला मूल नव्हतं. ओस्मोची ऐला ही तिची एकुलती एक पुतणी. गेली तेव्हा रांगत होती आणि तिल्दाच्याच मांडीवर तिला पहिला दात आला होता. तिल्दा पावाचा मोठा तुकडा नेस्तोरच्या बशीत सरकवायची आणि हळूच विचारायची, "ऐलाचं काय लिहिलंय?" मग तो सांगायचा. शाळेत पहिली आली. वेणी कापली. नर्स झाली. गेल्या उन्हाळ्यात तर लग्न झालं, नवरा रेल्वेत आहे. तिल्दा दर नाताळाला ऐलासाठी हातमोजे विणायची, दर साली थोडे मोठे. माझ्या हातावर माप घेऊन बघायची. नेस्तोर ते टपालात टाकून यायचा. लग्नासाठी पांढरे विणले, मनगटावर निळी नक्षी. तसे मी परत कुठे पाहिले नाहीत.

पत्रं मात्र आम्ही पाहिली नाहीत. वाचलं की तो चुलीत घालायचा. सरकारी माणसं लाल लोकांच्या घरांची झडती घेत फिरत होती त्या काळात, तेव्हा कुणाला नवल वाटणार? आणि टपाल नेहमी तोच आणायचा, ती त्याची कामगिरी.

बंदूक मागवल्यावर ही कामगिरी तिल्दानं काढून घेतली.

"पोस्टात मी जाते," ती म्हणाली. "तुझ्या हाती लागली तर तू ती तळ्यात फेकशील."

"अगं, बर्फ पडायला लागलंय. गुडघे बघ तुझे!"

"गुडघे माझे, बंदूक माझी."

नेस्तोरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, पुरुषाचा अहंकार, दुसरं काय. ती रोज जायची आणि हात हलवत परत यायची. पोस्टमास्तर चिडवायचा, "तोफ आली नाही अजून, तिल्दाबाई. रणगाडा पाठवायचा की नाही ते विचारतायत." ती त्यालाही पुरून उरायची. घरी आल्यावर लोखंडी अंगठी बोटात फिरवत खिडकीशी बसायची. एकदा म्हणाली, "हेल्मी, लोक हसू देत. मला फक्त एकदा हातात धरायची आहे. मी नवऱ्याचं मन मोडून जे दिलं त्यातनं काहीतरी झालं, एवढं बघायचंय. एक तरी बंदूक झाली, एका तरी पोराच्या हातात होती. मग नेस्तोर म्हणेल ते म्हणू दे."

आणि एका शनिवारी कॉफी ओतता ओतता ती सहज बोलून गेली, "गंमत बघ, मी टपाल आणायला लागल्यापासून ओस्मोचं पत्र नाही."

"तिकडे बर्फ लवकर पडलंय," नेस्तोर म्हणाला आणि त्या दिवशी त्यानं दुसरा कप घेतला नाही.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आधीच्या शनिवारी खोकं आलं. तिल्दानं ते बर्फावरच्या घसरगाडीवर बांधून स्वतः ओढत आणलं, मला हातसुद्धा लावू दिला नाही. आत तेलकट कागद, आणि त्याच्या आत काकवीत बुडवून काढल्यासारखी रायफल. तपकिरी घट्ट ग्रीस, कुठे लाकूड नि कुठे लोखंड काही कळेना. ग्रीस उतरवायला उष्णता हवी, आणि सौना तर सकाळपासून पेटलेलीच होती.

नेस्तोर दारात आडवा आला. "सौनात? जिथे माणसं जन्मतात, मेल्यावर न्हातात, तिथे बंदूक नेणार?"

"ती घरचीच आहे," तिल्दा म्हणाली. "सरक. आणि चिंध्या शोध, ढीगभर लागतील."

आम्ही दोघी जुने झगे घालून आत गेलो. रायफल वरच्या फळीवर आडवी ठेवली, दगडांवर पाणी मारलं. थोड्या वेळानं ग्रीस सुटायला लागलं, लाकडातून घामासारखं ठिबकायला लागलं. तिल्दा पुसत होती. असलेल्या चिंध्या बघता बघता काळ्या झाल्या. मग नळीच्या बुडाशी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, चौकोनात दोन अक्षरं दिसली. आमच्या सैन्याचा शिक्का. तिल्दानं त्यावर आपली अंगठी टेकवली आणि लहान मुलीसारखी हसली. "बघ गं! बघ!" मीही रडले. कशाला लपवू?

"अजून पूस," मीच म्हटलं. माझीच जीभ झडो.

शिक्क्याच्या थोडं वर, त्याच पोलादात, पुसता पुसता एक तारा वर आला. त्याच्या शेजारी कोयता आणि हातोडा.

तिल्दानं परत पुसलं. जोरात पुसलं. पोलादातला छाप चिंधीनं जातो होय?

"नेस्तोर!" ती ओरडली. तो बूट-कोटासकट वाफेत आला, वाकला आणि बघत राहिला.

"हे काय आहे? ही शत्रूची आहे. मला शत्रूची पाठवली!"

"आपल्याकडे पुरत नव्हत्या, तिल्दा," तो म्हणाला. "बर्फात मेलेल्या रशियनांच्या हातातल्या काढून घेतल्या, त्यावर आपला शिक्का मारला. त्याच घेऊन पोरं लढली."

"आणि माझी अंगठी?"

"मला नाही माहीत."

जनरलच्या दाढेचं नाव त्यानं काढलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. तिल्दा मात्र पेटली होती.

"हस ना! वीस वर्षं हसलास, आज खरी वेळ आली तर दातखीळ बसली? जा, ओस्मोला लिही. म्हणावं, तुमच्या ताऱ्याची बंदूक तिल्दानं पदरचे पैसे देऊन घरात आणली. तो हसू दे, त्याची बायको हसू दे, ती गाय हसू दे! आत्ता लिही, सोमवारी मीच टाकते पोस्टात. पत्ता सांग."

नेस्तोर खालच्या फळीवर बसला. "पत्ता नाही."

"काय?"

"अडतीस सालापासून नाही. ओस्मोला तिकडच्याच पोलिसांनी घरातून उचलून नेलं. बायकोनं दोन ओळी पाठवल्या, पुढे लिहू नका म्हणून. त्यानंतर काही नाही."

मूर्खासारखं मी विचारलं, "मग मुस्तिक्की?"

"गाय मीच पाळली," तो म्हणाला.

बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि आम्ही दोघी इतकी वर्षं तो जेवत होतो. पोटफुगीवर औषध देत होतो! मला संताप आला, त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. तिल्दाचा आवाज मात्र एकदम खाली आला.

"ऐला?"

"लहान होती. आईबरोबर तिलाही नेलं का... नाही माहीत."

"नर्स झाली म्हणालास. लग्न झालं म्हणालास."

"तू विचारायचीस. दर शनिवारी विचारायचीस! काय सांगणार होतो?"

"खरं."

"खरं सांगून माझ्या हातात काय उरलं असतं? उंबऱ्यात बसून तू बरोबर ठरली असतीस. मग तुझी अंगठीही बरोबर ठरली असती."

"म्हणजे भांडणात हरू नये म्हणून तू पोर वाढवलीस," ती म्हणाली. "माझी अंगठी कुणी खाल्ली ते मला माहीत नाही. पण ती मी माझ्या हातानं दिली होती. ऐलासाठी मी झुरले, तिला ताप आला म्हणालास तेव्हा रात्र रात्र जागले. तू बघत होतास. कॉफी पीत बघत होतास."

तिल्दानं हातातली काळी चिंधी खाली टाकली.

"हातमोजे कुठे आहेत?"

तो उठला, बाहेरच्या खोलीच्या माळ्यावर चढला आणि पिठाची एक गोणी घेऊन आला. त्यानं टाकून दिले नव्हते, एवढं म्हणायचं. तिल्दानं गोणी फळीवर उलटी केली. सगळ्यात लहान जोड सहा-सात वर्षांच्या पोरीच्या मापाचा. लाल होता. तिनं तो हातात घातल्यासारखा बोटांवर ओढला आणि बंदुकीवरचं ग्रीस पुसायला लागली.

"तिल्दा, नको," नेस्तोर म्हणाला. "अगं, नको ना!"

"चिंध्या शोध म्हटलं होतं. सापडल्या." ती पुसत राहिली. तो जोड काळा झाला तसा खाली टाकला, पुढचा घेतला, थोडा मोठा. मग त्याच्यापुढचा. शाळेतला, वेणी कापली त्या वर्षीचा, नर्स झाली तेव्हाचा. नेस्तोर दाराला टेकून रडत होता. तिनं एकदाही मान वर केली नाही, आणि मीही उठून त्याला बाहेर न्यायला हात दिला नाही. बंदूक लख्ख झाली. तारा दिसत होता, शिक्काही दिसत होता.

शेवटी पांढरा जोड उरला, निळ्या नक्षीचा. तिनं तो उचलला, क्षणभर धरला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हे तू घाल, हेल्मी," ती म्हणाली. "तुला तरी खरी थंडी वाजते."

मी ते घातले. सौनात, त्या वाफेत, मला हुडहुडी भरली होती.