जानीनं न प्यालेली दारू

डोळखांबच्या अंगाला कुठल्याही पाड्यावर लग्न ठरलं की पहिला सांगावा जानीला जायचा. जानी धवलेरी; तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरीला मोहाची दारू द्यायची रीत. जानी पेल्यात बोट बुडवायची, चार थेंब धरतीवर शिंपडायची आणि पेला मागं आपल्या नवऱ्याकडं सरकवायची. पोश्या त्याचीच वाट बघत बसलेला असायचा. तीस वर्षं बायकोच्या वाट्याची दारू त्यानं इमानेइतबारे संपवली.

गेल्या उन्हाळ्यात दिनेशचं लग्न होतं. भर दुपारी जानी नवरानवरीसमोर बसून गात होती आणि मधेच शब्द घसरायला लागले. गाणं मनात जागच्या जागी होतं, तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडत होतं. ओठाचा कोपरा खाली आला, उजव्या मुठीतले तांदूळ ओघळून गेले.

"आज धवलेरीला चढली गो!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव खदखदून हसला.

दहा-पंधरा मिनिटांत जीभ पुन्हा वळली, मूठही आवळता आली. पण दिनेशच्या आईचा चेहरा पडला होता. "जानी, काय झाला गो?"

जानीनं नवरीकडं पाहिलं. दामिनी मान खाली घालून बसली होती. ऐन लग्नात धवलेरीला दुखणं आलं, हे एकदा बोललं गेलं की ते नवरीच्या पायगुणावर जाणार. पुढं घरात म्हैस मेली तरी लोक आजचा दिवस उकरून काढणार.

"काय नाय गो," जानी हसली. "आज मीच दोन घोट घेतले."

तीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली. तिला फार वाईट वाटलं. पण दामिनी सुटली.

मागं पोश्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडं बघत राहिला. तिच्या वाट्याची त्याच्याच पोटात होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो उठला, छाती धरली आणि धाडकन खाली पडून असा बोंबलला, की माणसांनी जीप काढली. पोश्या पडला तर कसला आलाय अपशकुन, तो तर रोजच पडायचा! उरलेली गाणी तिच्या जोडीला गाणाऱ्या धोंडीबाईनं हाती घेतली आणि जानी नवऱ्याबरोबर शहापूरला निघाली.

पहिलं वळण गेल्यावर पोश्या ताठ उठून बसला.

"मेल्या! मी बरी हाय आता. गाडी फिरव मागं!"

"माजा बाप पन असाच दुपारी बरा झालेला," पोश्या म्हणाला. "तिसऱ्या दिशी गेला."

जानीनं पदर आवळून घेतला आणि पुढच्या रस्त्याकडं तोंड केलं.

दवाखान्यात डॉक्टरीण पोश्याला तपासायला आली. "मी नाय, ही," त्यानं बोट दाखवलं. जानीचं बीपी भलतंच चढलेलं होतं. "मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकून सुटली असावी," डॉक्टरीण म्हणाली. "गेलं म्हणून बरं झालं समजू नका. मोठा झटका येतो तो बहुतेक पुढच्या दोन-चार दिवसांतच." त्याच दिवशी मेंदूचा फोटो काढायला ठाण्याला पाठवलं. चार दिवसांनी जानी घरी आली, ती रोजच्या गोळ्या घेऊन. मिश्री बंद, खारं सुकट बंद. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही; पुन्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर किती वाजता झालं ते बघायचं आणि तडक निघायचं.

यंदा जानी पुन्हा गाते. शेजारी धोंडीबाई बसते, शब्द अडला तर उचलून घ्यायला. बायका अजून चिडवतात, "बेतानं घे गो!" जानी हसते, खरं काय ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परवा वैशाखरे गावातल्या एका लग्नात तिनं चार थेंब शिंपडून पेला मागं सरकवला. गाणी संपली तरी पेला तसाच भरलेला. पोश्या पेल्याशेजारी कोरडा बसून तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होता.

"पथ्य मला सांगितलंय," जानी म्हणाली, "तुला रे कुनी सांगितला?"

पोश्यानं पेला आणखी लांब ढकलला.

"एकदा पडलो, लोकांनी गाडी काढली," तो म्हणाला. "उद्या परत तुजा तोंड वाकडा झाला, तर पिऊन पडनाऱ्यासाठी दुसऱ्यांदा कोन काढतो?"