फाट्यावरची खानावळ

चर्चचा पाळक म्हणून गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटी देता देता माझं निम्मं आयुष्य एसटीत गेलं. जेवणाआधीची प्रार्थना आता इतकी पाठ झाली आहे की जीभ ती म्हणत राहते आणि मन बसची वेळ बघत असतं.

परवा फाट्यावरच्या एका पत्र्याच्या खानावळीत थांबलो होतो. चुलीपाशी एक मावशी भाकऱ्या थापत होत्या. ताट समोर आलं, मी हात जोडले, डोळे मिटले आणि नेहमीचंच सुरू केलं. 'आमेन'पाशी पोहोचलो आणि करपल्याचा वास आला. डोळे उघडले, तर मावशी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभ्या. डोक्यावर पदर घेतलेला, नजर खाली. तव्यावरची भाकरी काळी पडत चाललेली.

"अहो मावशी, भाकरी करपली!"

"करपू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही देवासंगं बोलत होता. मी कशी हालणार?"

या बाई आमच्या उपासनेला कधी आल्याही नसतील. तरी माझ्या समोरच्या रिकाम्या बाकड्यावर कुणीतरी बसलंय, हे त्यांनी सरळ गृहीत धरलं होतं. माझ्या मात्र ते ध्यानातही नव्हतं.

तांब्या ठेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं झालं. पर देवाचं झालं का बोलून?"

बाहेर बस येऊन हॉर्न देत होती. मी पुन्हा डोळे मिटले, आणि या वेळी गप्प बसलो.