दुपट्ट्याखालचा सौदा

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात कधी तोंडाने आकडा उच्चारला नाही. सौंसरच्या बैलबाजारात ते दलाल होते, आणि तिथे भाव बोलत नसतात. दलाल आणि गिऱ्हाईक खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून सौदा ठरवतात. भोवतीच्यांना शेवटपर्यंत काही कळत नाही. ही रीत मामाजींच्या अंगात इतकी मुरली होती की बाजाराबाहेरही ती सुटली नाही. वांग्यांचा भाव ते भाजीवाल्याशी दुपट्ट्याखालीच करत. जामसांवलीच्या बसमध्ये कंडक्टरने किती तिकिटं म्हणून विचारलं की त्याचा हात ओढून घेत. नवा असला तर तो बिचारा हात सोडवायला बघे. एकदा डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी वय विचारलं, तर मामाजींनी त्यांचाही हात धरला. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा धीर मागतो आहे. त्यांनी पाठ थोपटली आणि कागदावर अंदाजाने साठ लिहिलं. मामाजी बाहेर येऊन समाधानाने मला म्हणाले, "डॉक्टरनं भाव बराच पाडला."

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवतो. पत्नीच्या आजारपणात मी बँकेतून बिनतारणाचं कर्ज काढलं होतं. ती गेली, हप्ते थकले, आणि पुढे पुढे मी बँकेचा फोन उचलणंच सोडून दिलं. मग पत्र आलं. मार्चअखेर खातं बुडीत धरलं जाईल आणि वसुली एजन्सीकडे जाईल. त्याआधी एकरकमी तडजोड करायची असेल तर अमुक रक्कम भरावी. माझ्याजवळची जमा आणि ती रक्कम यांच्यात नेमकं पत्नीच्या पाटल्यांचं अंतर होतं. या पाटल्या लग्नात मामाजींनीच भाचीला घातल्या होत्या, आणि तिने त्या मुलीसाठी ठेवल्या होत्या. मी त्या रुमालात बांधून सोनाराकडे निघालो, तेवढ्यात मामाजी दारात उभे.

माझ्या हातातला रुमाल काढून घेत त्यांनी कारण विचारलं आणि पत्र वाचायला सांगितलं. त्यांना वाचता येत नसे. मार्चअखेर हा शब्द ऐकताच मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे त्याईचा बाजार उठून राहिला," ते म्हणाले. "ज्याले जनावर घरी वापस न्याचं नाही, थो सांजच्याले भाव सोडते. पाटल्या कपाटात ठेवा, जवाईबापू. आपून सांजच्याले जाऊ."

ही सांज उजाडेपर्यंत मी पंधरा दिवस धड जेवलो नाही. मार्च संपायला दोन दिवस उरले असताना आम्ही बँकेत गेलो. मॅनेजर जबलपूरकडचा तरुण मुलगा. मामाजींनी खुर्ची उचलून त्याच्या शेजारीच मांडली आणि टेबलावरचा त्याचा हात दुपट्ट्याखाली घेतला.

"बाबूजी, बोलकर बताइए ना," तो गांगरून म्हणाला.

"बोलनेसे भाव बिगडता है, साहब."

बोटांची भाषा त्याला येईना, म्हणून त्याने कॅल्क्युलेटर पुढे केला. मामाजींनी तोही दुपट्ट्याखाली ओढला. मग दोघे आळीपाळीने आत डोकावून बटणं दाबू लागले. रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. कॅशियर नोटा मोजायचा थांबला. मॅनेजरने दोनदा वरच्या साहेबांना फोन लावला, तोही एकाच हाताने, कारण दुसरा मामाजींनी सोडला नव्हता. मामाजी दोनदा उठून मला दंडाला धरून दारापर्यंत घेऊन गेले. दुसऱ्यांदा मॅनेजर स्वतः उठून आम्हाला परत घेऊन आला. शेवटी दोघांनी एकदमच मान हलवली आणि मला आत डोकावायची परवानगी मिळाली. रक्कम माझ्या जमेत बसून वर मुलीची वर्षाची फी उरत होती.

मॅनेजरने प्रामाणिकपणे बजावलं की तडजोडीची नोंद राहील, पुढे कुठलीही बँक मला सहजी कर्ज देणार नाही. मामाजींच्या मते हे तर बक्षीसच होतं. पण पैशांना त्यांनी मला लगेच हात लावू दिला नाही. "आधी कागद. बिगर पावतीचा कासरा आपून धरत नाही." तडजोड मंजूर झाल्याचं पत्र हातात आलं, मग पैसे भरले, खातं मिटल्याचं दुसरं पत्र शिक्क्यासह हातात पडलं. निरोप द्यायला मॅनेजर पायरीपर्यंत आला आणि असा दुपट्टा कुठे मिळतो, हे हळूच विचारून गेला.

त्या दिवशी रस्त्याने चालताना मामाजींची मान जशी ताठ होती, तशी मी ती पूर्वी पाहिली नव्हती. जो भेटेल त्याला थांबवून ते सांगत, जवाई सुटला. मीही कितीतरी दिवसांनी माणसांच्या डोळ्यांत पाहून चाललो.

घरी आल्यावर मुलीने चहा ठेवला. मामाजींनी पत्रावरचा शिक्का कुठे आहे ते विचारलं, आणि त्यावर बोट ठेवलं.

"दवाखान्यात कोनासंग बोलाचं, थेच मले समजलं नाही, बापू," ते म्हणाले. "नाही तं माह्या भाचीलेही सोडवून आनलं असतं."

यंदा पोळ्याच्या आठवड्यात मामाजी गेले.  त्या दिवशी त्या वाक्यावर मी फक्त त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला होता.