मांडीखाली दाबलेले हात

त्या सकाळी घरातून निघताना मी देवीवर रुसले होते. विशेष शाळेतल्या वर्गात मदतनीस होण्याचं प्रशिक्षण मी बेचाळिसाव्या वर्षी घेत होते, आणि प्रत्यक्ष पाठात दोनदा नापास झाले होते. नऊ वर्षांच्या पूर्वाची बोटं तिच्या मनासारखी चालत नाहीत. स्वेटरची चार बटणं तिने स्वतः लावायची आणि मी नुसतं जवळ बसायचं, एवढाच पाठ. पण तिची धडपड मला बघवेना. दोन्ही वेळा मीच बटण लावून मोकळी झाले. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, तुमची माया खरी, पण तुमच्या घाईत तिचं शिकणं राहून जातं. त्या दिवशीही चुकले असते तर प्रमाणपत्र नाही आणि शाळेत ठरलेली जागाही गेली असती. महिनाभर मी देवीपुढे दिवा लावून विनवत होते आणि ती आपली गप्प. ऐकणारं तिथे कुणी आहे तरी का, असंही मनात येऊन गेलं.

वलगावला अमरावतीकडे जाणारी बस मिळाली. शेजारी अचलपूरहून आलेल्या एक वयस्क मुसलमान बाई होत्या आणि खिडकीशी त्यांची तिशीतली लेक, बोटांनी अगदी आमच्या पूर्वासारखी. ती संत्रं सोलत होती. सालीचा कपटा निघायचा, संत्रं घसरायचं, की पुन्हा सुरुवात. अर्धा रस्ता सरला तरी निम्मंही सोलून झालं नव्हतं. मला मेलीला कुठला धीर! मी हात पुढे केला, तशा बाई हळूच म्हणाल्या, "राहू दे बेटी, तिचं ते करते. माहे हातबी आयकत नाईत, म्हनून त्याइले मांडीखाली दाबून ठेवा लागते."

मी पाहिलं, तर खरंच दोन्ही तळवे मांडीखाली होते आणि मनगटात बांगड्या रुतल्या होत्या. स्टँड येता येता लेकीचं संत्रं सोलून झालं. तिने एक फोड मला दिली, ती मी प्रसाद म्हणून खाल्ली. मग त्या दोघी गर्दीत दिसेनाशा झाल्या. नाव विचारायचं राहिलं आणि पुन्हा कधी भेटही झाली नाही.

पाठाला मी तशीच बसले, हात मांडीखाली दाबून. पहिल्या बटणालाच केवढा वेळ गेला. तिसरं चुकीच्या काजात गेलं, तेव्हा माझा जीव नुसता वरखाली झाला. पूर्वाने ते स्वतःच काढलं, पुन्हा लावलं, चौथंही लावलं आणि आपल्याच पोटावर थापटून हसली. ताईंनी वहीत काय लिहिलं ते बघायचंही मला सुचलं नाही. मी पास झाले होते, ते त्यांनीच मग सांगितलं.

संध्याकाळी देवीपुढे बसले आणि रडू आलं. आयुष्यभर मी धडपडत होते आणि ही नुसती बघत बसते म्हणून हिला बोल लावत होते. हात पुढे न करणं किती कठीण असतं, ते त्या दिवशी कळलं. दोन हात आवरताना मला घाम फुटला. तिला तर आठ आहेत.