घरचे आठ सायलेन्सर

भंगाराच्या दुकानात खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही लटकते. चोरलेले गाड्यांचे भाग खपू नयेत म्हणून नियम झालाय: विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि वस्तू कुठून आणली, ते वहीत लिहायचं.

मी मोडका स्टोव्ह घेऊन उभा होतो. माझ्यापुढे कचरा वेचणारी एक आजी, पोत्यात गंजके डबे.

"कुठून आणलं?" दुकानदाराने विचारलं.

"उकिरड्यावरनं. आन् कुठनं?"

"आधार कार्ड?"

"ते न्हाई बाबा."

"मग घेता येणार नाही. नियम आहे."

आजीने पोतं पुन्हा पाठीवर घेतलं.

मी वही चाळली. 'कुठून आणली' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: घरचं. पंखा घरचा, नळ घरचा, आणि एका ओळीत सायलेन्सर, नग आठ, तेही घरचे. गेल्याच महिन्यात माझ्या व्हॅनखालचा सायलेन्सर कुणीतरी कापून नेला होता.

"आठ सायलेन्सर कुणाच्या घरात असतात हो?"

"त्यांच्याकडे कार्ड होतं," दुकानदार शांतपणे म्हणाला.

असणारच. चोरी हा ज्याचा धंदा आहे, त्याचे कागद कधी अपुरे नसतात. कागद अपुरे असतात ते पोट भरायला वणवण करणाऱ्यांचे.

माझ्या स्टोव्हपुढे त्याने मला न विचारताच 'घरचा' लिहिलं. मी कार्ड दाखवून सही केली.

बाहेर उन्हात आजी चालली होती. खरा ठावठिकाणा सांगितलेलं तेवढं एकच पोतं दुकानातून परत जात होतं.