स्वयंपाकघरातला फोन

आमच्या क्लबात कॉम्प्युटर कमी आणि सभासद फार होते. अमरावतीतल्या एका शाळेच्या मागच्या खोलीत आम्ही दर रविवारी सकाळी जमायचो. चपला दाराबाहेर काढायच्या, कॉम्प्युटरवरच्या कापडाची घडी करायची आणि ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, एवढीच आमची घटना. मी गणिताची शिक्षिका. आठवडाभर शाळेत ओरडून झाल्यावर रविवारी तरी घरी गप्प बसावं, असं आमच्या घरच्यांचं मत होतं. पण मला गप्प बसणं आजवर जमलेलं नाही, तेव्हा तर वयच नव्हतं.

त्या दिवसांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून घरात येई. मोडेम नावाची डबी फोनला जोडायची. ती आपली आपण नंबर फिरवी, मग किंचाळे, खरखरे, आणि नशिबात असेल तर जोडणी लागे. सभासदांच्या घरी जाऊन हे सगळं लावून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारणं दोन. माझ्याकडे लूना होती, आणि टेलिफोनवाल्यांशी भांडायला मी कधीही तयार असे.

जोडणी लागली की घरातला फोन कुणी उचलायचा नाही. उचलला की तुटलीच. सांगायला सोपं, पण आमच्याकडे फोन वरचेवर मुका व्हायचा, त्यामुळे येता-जाता रिसीव्हर कानाला लावून तो जिवंत आहे का ते बघायची सवय घरोघरी होती. फोडणी देता देता बायका उचलत, पेपर वाचता वाचता पुरुष उचलत. शेवटी मी क्लबात नियम केला. इंटरनेट सुरू करण्याआधी रिसीव्हर आणि फोन मिळून रुमालानं बांधायचा. रुमाल दिसला की हात मागे घ्यायचा. लोक हसले, पण बांधू लागले.

असेच एका रविवारी काका आले. माझ्या नात्यातले नव्हेत, पण क्लबात सगळेच त्यांना काका म्हणू लागले. अकोटला जिनिंग फॅक्टरीत त्यांनी सारी नोकरी काढली होती. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या त्या आवाजात त्यांचे कान गेले, आणि निवृत्त होऊन ते अमरावतीला राहायला आले. समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, मोठ्यानं बोललं तर त्यांना कळे. फोनवरचं मात्र काहीच कळत नसे. बोलायचे ते स्वतः इतक्या जोरात की क्लबाच्या खिडकीवरची कबुतरं उडून जायची.

"बाई," त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "त्या ईमेलात आयकायचं काम नाही ना?"

"नाही," मी ओरडले. "फक्त वाचायचं आणि लिहायचं."

"मंग मले शिकवा. पोट्ट्यासंगं बोलायचं आहे."

पोट्टा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगलोरला होता. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येई आणि तो काकू घेत. काय बोलणं झालं ते काकू नंतर काकांना समोर बसून सांगत, आणि काकांची खुशाली पुढच्या रविवारी मुलाला. बापलेकांचं थेट बोलणं कित्येक वर्षांत नव्हतं. काका हे अगदी सहज सांगत होते, पण सांगताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण तीनदा काढलं आणि लावलं. मला हा माणूस त्याच क्षणी आवडला.

मी त्यांच्या घरी गेले. बैठकीत कॉम्प्युटर, त्यावर हळद-कुंकवाचं बोट, शेजारी स्टॅबिलायझर आणि फोन. या फोनची एक तार भिंतीतून आत गेली होती आणि स्वयंपाकघरात दुसरा फोन होता. तो काकूंचा. मी दोन्ही फोनना रुमाल बांधून दाखवले आणि काकूंना नियम समजावला. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासमोर उकरपेंडीची बशी ठेवली. काकू बोलायच्या कमी, खाऊ घालायच्या फार.

मोडेम किंचाळला तेव्हा शेजारची बाई फाटकापर्यंत आली. काकांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. ते डबीवरचे दिवे बघत बसले. मी त्यांना सांगितलं, कडेचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की समजा लागलं. दिवा स्थिर झाला. काकांनी दोन्ही हात मांडीवर घासले, आणि एका बोटानं मुलाला पहिलं पत्र टाइप करू लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, तेव्हा दुसरी सोय नव्हती. चार ओळी झाल्या आणि जोडणी तुटली. सगळं पुसलं गेलं.

"होतं कधी कधी," मी म्हटलं.

पण ते कधी कधी नव्हतं. पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी काकांना पत्र आधी वेगळं लिहून ठेवायला लावलं, म्हणजे जोडणी लागली की नुसतं पाठवायचं. तरी पाठवायच्या आत तुटायची. मी मोडेम बदलला. मग लाइनमनला बोलावून त्याला भरपूर ऐकवलं. तो बिचारा खांबावर चढला, उतरला, तार तपासली आणि म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम फर्स्ट क्लास हाय. तुमच्याच मशीनले काहीतरी झालं." त्यावरही मी त्याला सोडलं नाही. गणितात उत्तर चुकलं की कुठली तरी पायरी चुकलेली असते, एवढं मला कळत होतं. पण सगळ्या पायऱ्या बरोबर दिसत होत्या आणि उत्तर चुकत होतं, त्यामुळे मी धुसफुसत होते. काका मात्र दर वेळी तितक्याच उत्साहानं म्हणायचे, "पुन्हा लावा बाई!"

मग एका रविवारी पुन्हा तुटलं. ऊन मी म्हणत होतं आणि बैठकीतला कूलर नुसती गरम हवा ढकलत होता. पाणी प्यायला म्हणून मी न सांगता आत गेले. काकू ओट्याजवळ उभ्या होत्या. एका हातात सोडलेला रुमाल, दुसऱ्या हातात रिसीव्हर.

मी अशी भडकले की विचारू नका. "काकू! किती वेळा सांगितलं? मी त्या लाइनमनला वाट्टेल ते बोलले!"

काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. बाहेर काकांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही त्या हळूच बोलल्या. "मले मालूम आहे पोरी. मीच उचलते. तिकडं नंबर फिरला की ह्याची घंटी बारीक टिनटिन करते. मंग थोडं थांबून उचलते."

"पण काहून?" रागात माझ्या तोंडून आमची घरची बोली निघाली.

त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. मुलाला काकांनी स्वतःच्या ओळखीनं अकोटला नोकरी लावून दिली होती. त्यानं ती वर्षाच्या आत सोडली आणि तो बंगलोरला निघून गेला. जाताना काका त्याला एसटी स्टँडवर चारचौघांत वाट्टेल ते बोलले. तेव्हापासून मुलानं फोनवर बापाची चौकशी केली नाही आणि बापानं मुलाला एकही निरोप दिला नाही.

"एकही नाही?" मी विचारलं. "मग दर रविवारी तुम्ही जे सांगता ते?"

"माह्या मनचं," काकू म्हणाल्या. "त्याले सांगतलं, बाबा विचारून राहिले, जेवतो का बरोबर. ह्याहिले सांगतलं, पोरगा म्हणते, बाबाले उन्हात जाऊ देऊ नको. एकानंही नाही म्हटलं तसं. मंग सवयच पडली. आता हे दोघं सरळ एकमेकांसंगं लिहितीन, तं काय होईन? मी खोटी पडीन ते पडीन. पण ह्याहिले वाटते, पोराचा राग गेला. त्याले वाटते, बापाचा गेला. गेला नसन तं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. या बाईनं इतकी वर्षं दोन माणसांची दोन्ही बाजूंची बोलणी एकटीनं रचली होती, तीही भाजी निवडता निवडता.

"त्याहिले सांग ना, मशीन बिघडलं," त्या म्हणाल्या. "तुह्यावर विश्वास आहे त्यांचा."

"ते मी नाही सांगणार काकू," मी म्हटलं. "पण पत्र पाठवाच असंही मी म्हणणार नाही. फोन तुमचा आहे."

एवढ्यात बैठकीतून काकांचा आवाज आला. घर दणाणलं. "बाई! मी समदं पुन्हा वाचून ठेवलं! आता लावा! ह्या वेळेस जाईन पाहा!"

काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, त्यावर रुमाल बांधला, आणि गाठ सुटू नये म्हणून दोनदा ओढली. "जा," त्या म्हणाल्या. "लाव."

पत्र गेलं. काकांनी काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं, कारण फसलेल्या प्रत्येक रविवारी मी ते वाचलं होतं. तू कसा आहेस, मी बरा आहे, मला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहून राहिलो. त्यात ना राग होता ना माफी. मुलगा त्याला काय उत्तर देईल याचा अंदाज मला येत नव्हता.

तो आठवडा मला जड गेला. मी काकूंची कोणी नव्हते, पण शाळेत फळ्यावर गणित मांडताना मध्येच थांबायचे आणि मुली एकमेकींकडे बघायच्या.

पुढच्या रविवारी काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. जोडणी पहिल्याच फटक्यात लागली आणि मुलाचं उत्तर आलेलं होतं. मी ते उघडून दिलं आणि बाजूला झाले. काकांना मनात वाचायची सवय नव्हती. त्यांनी एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"बाबा, तुमचा मेल पाहून खरं वाटलं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे आई सांगायची, पण मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही. आई तुमचे निरोप सांगायची म्हणून मी इथं टिकलो. पाठीला उशी लावून बसत जा असं तुम्ही सांगितलं, त्याच दिवशी मी उशी आणली. आणि अकोटची नोकरी सोडली ते बरंच केलं असं तुम्ही म्हणाले..."

काका थांबले. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, या वेळी ओठ न हलवता. मग पुढचं मोठ्यानं वाचलं. "...त्या दिवशी मी खोलीवर येऊन रडलो. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंची नजर जमिनीवर होती आणि पदराचं टोक बोटांत पिळलेलं. काकांचा आवाज मी दर रविवारी ऐकत होते, त्यांचा राग कधी पाहिला नव्हता. एसटी स्टँडवरचा राग कसा असेल याचा मी विचार करत होते.

मग ते परत कॉम्प्युटरकडे वळले. एक बोट वर धरून अक्षरं शोधू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. बघायला नको होतं, पण पाहिलं. त्यांनी लिहिलं, 'हो. बरंच केलं.' मग थोडा वेळ विचार केला आणि खाली जोडलं, 'उशी जुनी झाली असेल तर नवी घे.'

पत्र त्यांनी स्वतःच पाठवलं. मला हात लावू दिला नाही.

मग त्यांनी खुर्ची फिरवली, समोरचा स्टूल पायानं पुढे ओढला आणि काकूंना म्हणाले, "इकडं ये. बस अथी."

काकू येऊन बसल्या. डोळे पुसायला त्यांनी पदर वर घेतला, तो काकांनी खाली ओढला, कारण तोंड दिसल्याशिवाय त्यांना काही कळत नसे.

"आनखीन काय काय बोललो मी त्याच्यासंगं?" त्यांनी विचारलं. "समदं सांग. नाहीतं लिहितानी मी चुकन."

मी माझी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. फाटकाशी लूनाचं पॅडल मारत होते तेव्हा खिडकीतून काकूंचा आवाज आला. इतकी वर्षं स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनमध्ये बोललेलं सगळं आता त्यांना गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडून सांगावं लागत होतं.

"तुमी म्हनलं!" काकू ओरडत होत्या, आणि आवाज मध्येच फाटत होता. "तुमी म्हनलं, तुह्याशिवाय घरात गमत नाही!"

"हाव," काका गरजले. "हे तं मी म्हनलंच होतं."