बंड्याचा जामीन

पक्ष्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात, ते पिंजऱ्याखालच्या टरफलांसारखे. रोज संध्याकाळी झाडून काढले तरी सकाळी पुन्हा आहेतच! मी तसा बोलणारा माणूस नाही. नववीत शाळा सुटली आणि नारायण पेठेत शैलाताईंच्या दुकानात लागलो, तेव्हापासून दुकानात माझ्यापेक्षा पक्षीच जास्त बोलतात. पण मित्र भेटले की म्हणतात, "संतोष, तुझ्याकडचं सांग रे काहीतरी." म्हणून सांगतो.

आधी आमच्या दुकानाचा नियम सांगायला हवा. शैलाताई मोठा पोपट कुणाला एकट्याला देत नाहीत. मोठा म्हणजे आफ्रिकन ग्रे. करड्या रंगाचा, लाल शेपटीचा. नीट सांभाळला तर पन्नास-साठ वर्षं जगतो. म्हणून घेणाऱ्याने सोबत आणखी एक माणूस आणायचा, आणि त्या माणसाने काउंटरसमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "यांच्यानंतर मी." मगच पिंजरा दुकानाबाहेर जातो. त्या दुसऱ्या माणसाला आमच्याकडे 'जामीन' म्हणतात.

कुणी कुरकुर केली, की ताई म्हणतात, "बँकेत कर्जाला जामीन देता ना? इथं तर जीव नेताय!"

*

एकदा हिंजवडीचा एक इंजिनिअर आला. निखिल त्याचं नाव. कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्याकडे, गळ्यात आयकार्ड तसंच. मैत्रिणीला बर्थडे गिफ्ट म्हणून ग्रे हवा होता.

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा पन्नास वर्षं टिकेल. तुमचं?"

"आमचं काय?"

"तुमचं किती टिकेल?"

निखिल लालबुंद झाला आणि निघून गेला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक! पण पुढच्या रविवारी तो त्याच मुलीला घेऊन हजर. ताईंनी तिला नियम सांगितला. तिने पोपटाकडे पाहिलं, निखिलकडे पाहिलं, पुन्हा पोपटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "यांच्यानंतर मी."

पोपटाचं नाव ठेवलं कोको. लग्न बऱ्याच उशिरा झालं. निखिल अजून सांगतो, "तिने कोकोला पाच मिनिटांत होकार दिला. मला वर्षभर लटकवलं!"

*

एक गृहस्थ आले. "आपला साधा हिरवा पोपट मिळेल का हो? विठू विठू करणारा?"

आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने बंदी आहे. एरवी मी ते समजावून सांगतो. त्या दिवशी ताई काउंटरवर होत्या.

"मिळेल की."

"कुठाय?"

ताईंनी दारासमोरच्या पिंपळाकडे बोट दाखवलं. "तो काय, वरच्या फांदीवर. फुकट आहे. फक्त बघायचा!"

*

रविवारी सकाळी दुकानात पोपटवाल्यांचा अड्डा जमतो. कुणी दाणे न्यायला येतं, कुणी पोपटाची नखं कापून घ्यायला, आणि मग चहा होतो. नखं मी कापतो. त्यामुळे पोपटांमध्ये मला फारशी इज्जत नाही.

अशाच एका रविवारी निखिल कपाळाला हात लावून बसला होता. घरून काम करत होता, परदेशातल्या क्लायंटचा कॉल चालू होता. निखिल मिनिटभर पाणी प्यायला उठला. तेवढ्यात क्लायंटने विचारलं, "हे कधी होईल?" आणि मागून कोको निखिलच्याच आवाजात म्हणाला, "शुअर! बाय फ्रायडे!"

क्लायंट खूश! थँक यू म्हणून कॉल संपला. पाण्याचा ग्लास घेऊन निखिल परत येतो, तर डेडलाइन ठरलेली!

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? अख्खी टीम मरमर कामाला लागली. झालं शुक्रवारपर्यंत! आता मॅनेजर म्हणतो, तू असं ठामपणे बोलत जा."

कोपऱ्यातल्या स्टुलावर दामले काका बसले होते. ते कपातली माशी बाजूला करत म्हणाले, "कंपनीत पोपटच बोलतात. त्यात नवीन काय घडलं?"

*

आता दामले काकांचं सांगतो. काका कसब्यात राहतात, निवृत्त मास्तर. मूलबाळ नाही. त्यांचा ग्रे म्हणजे बंड्या. शाळेतल्या पोरांना कधी केले नसतील एवढे लाड काका त्याचे करतात. काका दोन सुरांची एक शिट्टी वाजवतात, बंड्या तशीच परत वाजवतो. मग काका, मग बंड्या. दिवसभर हेच.

बंड्या घेतला तेव्हा जामीन होत्या काकू. काउंटरसमोर पदर खोचून म्हणाल्या होत्या, "यांच्यानंतर मी. आणि माझ्या आधी हे गेले, तर दोघंही सुटलो म्हणा!" सगळं दुकान हसलं होतं.

काकू आधी गेल्या. त्यांचं सगळं आटोपल्यावर काका एकदा दुपारी दुकानात आले. काउंटरसमोर ताठ उभे राहिले.

"शैलाताई, माझा जामीन गेला. तुमच्या नियमात बसत नाही मी आता. पण पोपट परत आणलेला नाही. नवीन जामीन आणतो. तोपर्यंत मुदत द्या."

 ताई म्हणाल्या, "घ्या मुदत."

"किती?"

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा!"

ताई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. काका मात्र खरंच डॉक्टरांकडे गेले! त्यांच्या हृदयाच्या नळीत अडथळा होता. आधी कितीदा सांगूनही ऑपरेशनला नाही म्हणत होते. "झालं आता आमचं," हे ठरलेलं उत्तर. या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "करून टाका. घरात लहान पोर आहे."

डॉक्टर गोंधळले. "किती लहान?"

"अजून चाळीस वर्षं जगायचंय त्याला!"

*

काका दवाखान्यात होते तेवढे दिवस बंड्याला कांबळे मॅडमनी नेलं. मॅडम सरकारी ऑफिसात आहेत, विश्रांतवाडीला राहतात. आमच्या रविवारच्या अड्ड्यातल्याच. त्यांची मुलगी सुजाता हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. बंड्याला डाळिंब सोलून द्यायचं काम तिने मागून घेतलं.

बंड्या परत आला तो नवीन विद्या घेऊन. दारात कुणी दिसलं की खणखणीत आवाजात, "जय भीम!"

काका घरी आले म्हणून त्याच इमारतीत राहणाऱ्या त्यांच्या वहिनींनी काकांकडे सत्यनारायण घातला. गुरुजी पिशवी सावरत आत शिरले, आणि बंड्या ओरडला, "जय भीम!" गुरुजी उंबऱ्यातच थांबले. वहिनींनी पिंजऱ्यावर टाकायला टॉवेल उचलला.

काका आरामखुर्चीतून म्हणाले, "टॉवेल ठेवा, वहिनी. गुरुजी, उत्तर द्या. नमस्काराला उत्तर द्यायची पद्धत आहे."

गुरुजींनी घसा साफ केला. "जय भीम," म्हणाले आणि पाटावर बसले.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मीही तिथे होतो. बंड्या बोलायच्या आत गुरुजींनीच दारातून जय भीम केला. बंड्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही!

*

जामीन शोधायची मोहीम काकांनी मुलीसाठी स्थळं बघावीत तशी चालवली.

पहिला पुतण्या. अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. म्हणाला, "काका, डोन्ट वरी. कॅमेरे बसवतो, ऑटोमॅटिक फीडर बसवतो. मी तिकडून मोबाइलवर रोज बघेन."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "उत्तम. फक्त त्याच्या डोक्यावर खाजवायला तिकडून हात केवढा लांब करशील, ते सांग."

मग एका रविवारी काका बंड्याचा पिंजरा घेऊन दुकानात आले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "संतोष, तू?"

खरं सांगतो, मला मनापासून हो म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून पटकन शब्द निघत नाही. मी नुसता पुढे झालो. बंड्याने मला पाहिलं, पिंजऱ्याच्या पार टोकाला गेला आणि दोन्ही पायांची नखं पोटाखाली दडवून बसला!

ताई म्हणाल्या, "राहू दे बाळा. न्हाव्याच्या घरी कुणी नांदायला जातं का?"

मी मागे सरलो. वाईट वाटलं, पण त्याचंही बरोबर होतं.

त्याच रविवारी सुजाताही आईबरोबर आली होती. चहाचा कप खाली ठेवून काउंटरसमोर गेली. कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाली, "यांच्यानंतर मी."

काका म्हणाले, "पोरी, विचार करून बोल. हा तुझ्या म्हातारपणापर्यंत पुरेल."

"केलाय विचार. डाळिंबं सोलताना केला."

*

मग सुजाताला बघायला एक मुलगा आला. चांगला शिकलेला, घर स्वतःचं. पोहे झाले, चहा झाला. दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं.

सुजाता म्हणाली, "एक सांगून ठेवते. मला एक पोपट सांभाळायचा आहे. लग्नानंतरही तो माझ्याबरोबर असेल."

मुलगा हसला. "एवढंच ना? देऊन टाकू कुणाला तरी."

"देणार नाही."

"म्हणजे पोपट की मी?"

"तसं विचारू नका," सुजाता म्हणाली. "त्याला मी आधीच शब्द दिलाय."

स्थळ गेलं. मॅडम दुकानात येऊन चिडून म्हणाल्या, "पोरगी शिकवली, नोकरीला लावली, आणि आडवा कोण आला? पोपट!"

काकांच्या कानावर हे गेलं. ऑपरेशननंतर त्यांना फार चालवत नव्हतं, तरी रिक्षाने विश्रांतवाडी गाठली. मी सोबत होतो. काका मॅडमसमोर हात जोडून म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली. सुजाताला मी मोकळं करतो. शब्द परत घेतो."

सुजाता ऑफिसमधून नुकतीच आली होती. पाठीवरची सॅक तशीच. "काका, शब्द कुणी दिला?"

"तू."

"मग परत घ्यायचा, तर कोण घेणार?"

काकांनी जोडलेले हात सोडले. मास्तरांनाच धडा मिळाला!

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणाल्या, "बसा काका, चहा टाकते. आता तुमच्यासारखी अडून बसणारी आणखी एक माझ्या घरात आहे, दुसरं काय!"

*

आता शेवटचं सांगतो.

ताईंनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं. ग्रे एकाच माणसाला जीव लावतो. तो माणूस अचानक गेला तर पोपट खाणं सोडतो, स्वतःची पिसं उपटतो. "तुम्ही गेल्यावर पिंजरा उचलून नेला तर सुजाताला मिळेल तो सोललेला पोपट. तुमच्या डोळ्यांदेखत त्याला तिचा होऊ द्या. होतो का ते बघा. नाही झाला तर जामीन असून नसल्यासारखा."

काकांनी मनावर घेतलं. बंड्या आधी शनिवार-रविवार सुजाताकडे राहू लागला, मग आठवडा, मग जास्त. काकांकडे असला तरी काका दुसऱ्या खोलीत बसायचे. डाळिंब वहिनी द्यायच्या. बंड्या दोन सुरांची शिट्टी मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. काका उत्तर देत नसत. मी एकदा दाणे पोचवायला गेलो, तेव्हा ते तोंडात सुपारीचं खांड धरून खिडकीशी बसले होते.

"सुपारी कधीपासून, काका?"

त्यांनी बोटाने आधी ओठ दाखवले, मग आतली खोली. आतून शिट्टी चालूच होती.

शेवटी बंड्या विश्रांतवाडीलाच राहायला गेला. काकांनी बरेच दिवस तिकडे जायचंच नाही, असं ठरलं. तेवढे दिवस रविवारी ते दुकानात यायचे, पण कुणी बंड्याचा विषय काढला की हवामानावर बोलायचे.

मग एका रविवारी म्हणाले, "संतोष, स्कूटर काढ."

आम्ही गेलो. सुजाता दारातच होती, खांद्यावर बंड्या. मी मागे जिन्यातच थांबलो, माझी नखांची भानगड नको म्हणून. काकांनी सदऱ्याची बाही सारखी केली आणि हात पुढे केला. पूर्वी असा हात दिसला की बंड्या असेल तिथून उडी मारायचा.

बंड्याने मान वाकडी करून काकांकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. एक पाय उचलला. मग तो पाय परत ठेवला, आणि सुजाताच्या केसांत चोच खुपसून बसला.

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, येईल तो. जरा थांबा, मी त्याला..."

"अजिबात नको," काका म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतला, चहा न घेताच जिना उतरले. स्कूटरवर मागे बसले.  कसब्यात शिरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब इथं."

मिठाईचं दुकान होतं. मोठा पुडा घेऊन आले आणि तिथूनच वाटत सुटले. इस्त्रीवाला, फुलवाली, त्यांच्या इमारतीतला प्रत्येक मजला! मी मागून पुडा धरून.

तिसऱ्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. "अगं बाई, पेढे? कसले?"

काका म्हणाले, "बंड्या आला नाही!"

"कुठे आला नाही?"

"माझ्याकडे!" काका म्हणाले, आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.